रात्रीची मोजणी

फहाहीलच्या त्या इमारतीत आम्ही सहा जण,
दोन खोल्या, एक संडास.
कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला झोप नाही,
सांगावं लागत नसे.
खतीब खालच्या बंकवर, मी वर.
मी शिडी उतरलो की त्याचा पलंग हलायचा.
एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाला,
"राती पाच येला उठलंस. मी मोजलंय."
मी म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी जास्त पितो.
"पानी मीपण पितंय."

तीस वर्षं रिफायनरीत मी व्हॉल्व्ह दुरुस्त करतो.
गळती आवाजावरून ओळखतो.
स्वतःची धार बारीक झाली
तेव्हा मात्र कानाडोळा केला.
सांगणार तरी कुठल्या शब्दात?
मालनला फोनवर म्हटलं, जरा लघवीचं आहे.
ती म्हणाली, धण्याचं पाणी घ्या.
त्या ग्रंथीला आमच्या घरात नावच नव्हतं.
अक्रोडाएवढी वस्तू,
अठ्ठावन्न वर्षं न बोलता कामावर येत होती.
विसा नवा करताना छातीचा फोटो काढतात,
रक्त घेतात, बोटांचे ठसे घेतात.
हिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

खतीबचं सगळं वेगळं.
पहाटेच्या नमाजानंतर समुद्राकाठी चालायला,
जुलैतसुद्धा, जेव्हा रेलिंग रात्रीही निवत नाही.
मटण फक्त जुम्म्याला, दोन तुकडे.
एरवी खुबूस, मसूर, चिरलेला टोमॅटो.
विडी बाप गेला त्या वर्षी सोडलेली.
आम्ही त्याला डॉक्टरसाहेब म्हणायचो
आणि रात्री अकराला अंडा-परोटा मागवायचो.

दवाखान्यात मला त्यानेच नेलं.
"एकटा काय बसतंस, मीपण रगत देतंय."
नुसती सोबत म्हणून.

माझी निघाली नुसती वाढलेली. रात्री एक गोळी.
आकडा चढला तो त्याचा.
मग सुई, मग तुकडे,
मग बारा दिवस, ज्यात तो रोज चालायला गेला.
डॉक्टरीणबाई केरळच्या, सावकाश हिंदीत म्हणाल्या,
कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय.
लगेच कापायचं नाही, लक्ष ठेवायचं,
ठरल्या महिन्यांनी रक्त द्यायचं.
चिडून विचारलं ते मी, त्याने नाही:
हा माणूस रोज सहा किलोमीटर चालतो. मग?
त्या म्हणाल्या, चालणं म्हणजे ताईत नव्हे.
पण पुढे जे येईल ते झेलायला हेच शरीर लागणार,
आणि ते यांनी नीट ठेवलंय.

बसमध्ये तो गप्प.
अहमदीची ज्वाळा मागे पडल्यावर बोलला,
"बाप ह्याच दुखण्यान गेला.
लुंगी ओली होयाची, म्हणून मशिदीत जायाचा बंद झाला.
आमाला वाटला, म्हातारपन."
मग बराच वेळ काही नाही.
"तू शिडी उतरायचास ना,
मना बाप उठल्यासारखा वाटायचा."

सिगारेट सोडली असं म्हणत नाही.
सातावरून दोनवर आलोय.
परोट्याच्या फोनला मी आता नंबर देत नाही,
इतर चौघं देतात, वास येतो, झोपतो.
खतीब नमाज आटपून येईतो
मी बूट घालून जिन्यात बसलेला असतो.
किनाऱ्यावर मांजरं, पोहणारे दोन कुवेती म्हातारे,
पाण्यावर वाफ.
तो पुढे, मी धापा टाकत मागे.

काल चालता चालता त्याने गावी फोन लावला.
तीन भाऊ, तिघांना एकेक करून एकच प्रश्न:
रगत तपासलंस काय? बाप आठवतो ना?
थोरला हसला. मधला म्हणाला, उगाच भिववू नकोस.
धाकटा काहीच बोलला नाही.
खतीब फोन कानाला धरून उभा राहिला.
मी रेलिंगला टेकून थांबलो.